आठ वर्षं की चार?

"ताई, आता तूच समजाव तिला. तुझंच ऐकते ती."

सकाळचे सात वाजले होते. मी गच्चीवर सांडगे घालायला बसले होते, दोन्ही हात बरबटलेले, आणि फोन थांबायचं नाव घेईना. न्यू जर्सीत तेव्हा आदल्या रात्रीचे साडेनऊ. एप्रिल २०२५ मधली गोष्ट. धाकट्या बहिणीचा रडवेला आवाज ऐकला आणि पोटात धस्स झालं. कारण कळलं तेव्हा मात्र हसावं की रडावं समजेना. भाचीला मेडिकलला ॲडमिशन मिळाली होती. एक नाही, दोन! आणि त्यावरून घरात आठ दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

आपल्याकडे सीट मिळाली नाही म्हणून रडारड होते. इथे दोन मिळाल्या म्हणून. म्हटलं, हे काय दुखणं आहे ते नीट समजून तरी घेऊ.

तिकडे बारावीनंतर लगेच मेडिकलला जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग 'एमकॅट' नावाची परीक्षा, अर्ज, मुलाखती. त्यानंतर चार वर्षांचं मेडिकल, त्याला ते 'एमडी' म्हणतात. आपल्या एमडीसारखं हे पुढचं शिक्षण नव्हे, ही त्यांची पहिलीच डॉक्टरकीची पदवी. मग विषयाप्रमाणे तीन ते सात वर्षं रेसिडेन्सी. भाचीला घराजवळच्या कॉलेजात ही साधी एमडीची जागा मिळाली होती.

दुसरी जागा ओहायोत. तिथे एमडी आणि पीएचडी दोन्ही एकत्र. दोन वर्षं मेडिकल, मग चारेक वर्षं प्रयोगशाळेत संशोधन, मग पुन्हा दोन वर्षं मेडिकल. म्हणजे साधारण आठ वर्षं, रेसिडेन्सी वेगळीच! रुग्णही तपासणारा आणि संशोधनही करणारा डॉक्टर तयार व्हावा म्हणून तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने, एनआयएचने, १९६४ मध्ये अशा अभ्यासक्रमांना पैसे द्यायला सुरुवात केली. फी माफ, वर खर्चाला दरवर्षी पैसेही. सरकारी पैशाची ही जागा तिथल्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच. भाचीचा जन्मच तिकडचा, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

प्रश्न घरातला होता. भाची तेव्हा तेवीस वर्षांची. बहिणीने बोटांवर हिशेब मांडला होता. "एकतिसाव्या वर्षी पदवी. त्यापुढे रेसिडेन्सी. पस्तिशी उलटेल गं! लग्न कधी, मुलं कधी?" मेहुण्यांचा हिशेब बरोबर उलटा. एमडीला सगळं कर्ज काढायचं म्हटलं तर चार वर्षांत दोन लाख डॉलरच्या घरात जाणार, आणि इथे सगळं फुकट. "फुकट मिळतंय ते सोडून कर्ज कोण काढतं?" हा त्यांचा सवाल. दोघांचंही गणित पक्कं. फक्त ज्या मुलीचं आयुष्य, तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मी विचारलं. रविवारी तिनेच व्हिडिओ कॉल केला.

"मावशी, तू पण लग्नाचं बोलणार?" पहिलाच प्रश्न.

"नाही गं बाई. मला ते उंदरांचं सांग."

पदवीनंतर दोन वर्षं ती एका लॅबमध्ये काम करत होती. मधुमेहात मूत्रपिंडं कशी खराब होतात, यावरचं काम. उंदरांना रविवार नसतो, त्यामुळे हिलाही नाही. एकदा तिचा चार महिने चाललेला प्रयोग फुकट गेला, कारण एक रसायनच खराब निघालं होतं. हे सांगताना ती हसत होती. मग म्हणाली, "काका कोलेस्टेरॉलची गोळी घेतात ना? त्याची गंमत माहितेय?"

तिने सांगितलेली गोष्ट मला फार आवडली. मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोन डॉक्टर. त्यांनी अशी लहान मुलं पाहिली, ज्यांचं कोलेस्टेरॉल जन्मापासून इतकं भयंकर वाढलेलं की लहान वयातच हार्ट ॲटॅक यावा. ही मुलं काही वेगळं खात नव्हती, मग हे कशामुळे? अशा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी घेऊन, त्या प्रयोगशाळेत वाढवून दोघांनी छडा लावला. रक्तातलं कोलेस्टेरॉल आत ओढून घेणारी पेशीवरची 'दारं'च या मुलांत बिघडलेली होती. काकांची गोळी काय करते, तर यकृताच्या पेशींवर अशी दारं वाढवते. १९८५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

झालं! मी ज्या कामासाठी फोनवर बसले होते ते राहिलं बाजूलाच. त्या दिवसापासून मी आठ वर्षांच्या बाजूची झाले. बहिणीला सुनावलं, "जाऊ दे तिला. लग्न काय, होईल." भाचीलाही रोज काही ना काही पाठवायला लागले. शाळेत विज्ञान शिकवताना विज्ञानदिनाला मी मुलींना कमल रणदिवे यांच्याबद्दल सांगायची. त्यांनी डॉक्टर व्हावं असं वडिलांना वाटत होतं, त्या फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्राकडे वळल्या आणि पुढे कॅन्सर संशोधनात केवढं काम करून गेल्या! मुंबईत देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. पद्मभूषण मिळालं. हे सगळं टाइप करून पाठवलं. वर लिहिलं, 'घाबरू नकोस, मी आहे.'

दोन दिवस उत्तर नाही. मग तिचा फोन आला.

"मावशी, तुला पुण्याला जायचं होतं ना? आईने सांगितलं मला."

मी गप्प. खरं सांगते, गेल्या कित्येक वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. १९८६ साली कराडला बीएस्सी झाले, रसायनशास्त्र, फर्स्ट क्लास. पुणे विद्यापीठात एमएस्सीला नाव लागलं. त्याच आठवड्यात बीएडलाही. दादा म्हणाले, "बीएड वर्षात होतं, लगेच नोकरी. एमएस्सी करून तरी शेवटी शिकवायचंच ना?" मी बीएड केलं. एकतीस वर्षं शिकवलं, मन लावून शिकवलं. उगाच रडगाणं गाणार नाही. पण विद्यापीठाचं ते पत्र अजून कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत आहे.

"होतं जायचं," म्हटलं.

"मला नाही जायचं गं," ती हळूच म्हणाली. "सगळ्यांना वाटतंय मी लग्नाला घाबरून, नाहीतर आईला घाबरून नाही म्हणतेय. तसं नाही. लॅब मला आवडते, पण चार वर्षं रोज, तेच आणि तेवढंच? सोमवारी संध्याकाळी मी त्या मोफत दवाखान्यात जाते ना, तिथल्या एका आजींना साखर तपासायच्या पट्ट्या मिळाल्या की नाही, हे मला गुरुवारीही आठवत असतं. प्रयोग मात्र मी सुट्टीत विसरते."

मग तिने मला वर्षांचा हिशेब सांगितला, आणि तो तिच्या आईच्या हिशेबापेक्षा वेगळा होता. आठातली पहिली दोन वर्षं ज्यांच्याबरोबर शिकायची, ती मुलं आपण लॅबमध्ये असतानाच डॉक्टर होऊन जातात. चार वर्षांनी वॉर्डात परत जायचं, तोवर स्टेथोस्कोप कसा धरायचा इथपासून उजळणी. संशोधनाचीच ओढ असेल त्याला हे जड जात नाही. फक्त फी वाचते म्हणून गेलेला माणूस मध्येच पीएचडी सोडतो, नाहीतर कुढत पुरी करतो. "बाबा म्हणतात फुकट. फुकट कसं? पैसे देत नाही, वर्षं देते मी." आणि वर म्हणाली, "तुझे ते ब्राऊन आणि गोल्डस्टीन, दोघेही नुसते एमडी. पीएचडी नव्हतेच ते!"

घ्या! मीच ज्यांचं उदाहरण घोकत होते ते असे निघाले.

मी विचारलं, सरकारने संशोधनाचे पैसे कापले त्याची धास्ती आहे का? त्याच वर्षी तिकडे एनआयएचची अनुदानं धडाधड रद्द होत होती, काही विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेशही कमी केले होते. "थोडी आहे," ती म्हणाली. "पण तेवढ्यासाठी नाही म्हणत नाहीये."

३० एप्रिलपर्यंत एकच जागा हातात ठेवायची, बाकीच्या सोडायच्या, असा तिथला रिवाज. तिने आदल्या दिवशी ओहायोला नकार कळवला. बहिणीला लग्नाच्या बाजूने हायसं वाटलं आणि कर्जाच्या बाजूने झोप उडाली. घरूनच ये-जा करायची आणि डबा घरचा, असं ठरवून त्यांनी खर्चाला थोडा आळा घातलाय. एक बरं झालं, तिचं कर्ज जुन्या नियमांत बसलं. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या मेडिकलच्या मुलांना सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलरपर्यंतच ठेवलंय. तुमच्यापैकी कुणाची भाची-पुतणी तिकडे या वाटेवर असेल, तर आधी हे बघून घ्या म्हणावं.

मला वाईट वाटलं का? वाटलं. तिने नाही म्हटलं त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ते तिच्यासाठी नव्हतं हे कळायला सकाळ व्हावी लागली. सकाळी शालूची घडी उलगडली, पत्र वाचलं, परत ठेवलं.

पांढरा कोट घालायचा त्यांचा समारंभ झाला, त्याचा फोटो आलाय. कोट दोन मापं मोठा दिसतो. पुढे फोन आला तेव्हा शरीरशास्त्राच्या पाठांतराने जीव नकोसा झालाय म्हणत होती. सोमवारचा दवाखाना चालू आहे. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आणि मावशी, बुधवारी संध्याकाळी जरा वेळ जुन्या लॅबमध्ये जाऊन येते हं."

मी काही बोलले नाही. सांडगे पोचले का, एवढंच विचारलं.