शेण एक, उपयोग दोन

शेतकऱ्याच्या गोठ्यातील शेणास दोन ठिकाणांहून मागणी असते. चुलीस गोवरी हवी असते आणि शेतास खत हवे असते. गोवरी जाळली की खताची राख होते. शेण उकिरड्यात टाकले की सरपणासाठी झाडावर कुऱ्हाड पडते. ही ओढाताण मिटविणारे साधन म्हणजे गोबरगॅस होय.

हवा न लागता शेण कुजले म्हणजे त्यातून मिथेन हा जळणारा वायू निघतो. गोबरगॅसमध्ये त्याचे प्रमाण साधारणतः ५५ ते ६५ टक्के असते. वायू निघून गेल्यावरही नत्र, स्फुरद व पालाश मळीत शिल्लक राहतात. म्हणजे चूलही पेटते आणि खतही हाती राहते.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ साली मैल्याच्या कुंडातील वायू दिवाबत्तीसाठी वापरण्यात आला. पुढे १९५०च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र सिद्ध केले आणि १९६०च्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने या पद्धतीचा देशभर प्रसार केला. १९८४ साली विटांच्या घुमटाचे, कमी खर्चाचे ‘दीनबंधू’ संयंत्र आले.

गृहिणीचा लाभ

चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात, श्वसनाचे विकार बळावतात आणि आईजवळ बसलेल्या बालकांनाही तो धूर बाधतो. गोबरगॅसची ज्योत निळी व निर्धूर असते. भांडी काळी होत नाहीत. साध्या चुलीत गोवरीच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्यास मिळतो. गॅसच्या शेगडीत अर्ध्याहून अधिक मिळतो. घरात सिलिंडर असला तरी तो अधिक दिवस पुरतो.

आधी गोठा मोजावा

एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज ५० किलो शेण लागते. म्हणजे चार-पाच मोठी जनावरे हवीत. एवढा वायू सहा-सात माणसांच्या स्वयंपाकास पुरतो. शेणात तितकेच पाणी मिसळल्यास रोजचा काला सुमारे १०० लिटर होतो. तो ४० दिवस कुजावा, यासाठी कुंडात ४,००० लिटर काल्याची सोय असावी.

जनावरे दिवसभर रानात चरत असतील, तर गोठ्यात पडणारे शेणच हिशेबात धरावे. मोठेपणासाठी बांधलेले मोठे कुंड अर्धपोटी राहते, ज्योत मंदावते आणि गृहिणी पुन्हा धुरात बसते.

काही दक्षता

संयंत्र घराजवळ, उन्हात, परंतु विहिरीपासून किमान १५ मीटर दूर असावे. प्रारंभीच्या वायूत हवा मिसळलेली असते. तो न पेटविता मोकळ्यावर सोडून द्यावा. नळीत साचणारे पाणी वेळोवेळी काढावे. थंडीत वायू कमी मिळतो, हेही ध्यानी असावे. मळी उन्हात वाळविल्यास नत्र उडून जाते. म्हणून ती पाण्याबरोबर शेतास द्यावी किंवा काडीकचऱ्यासह खड्ड्यात कुजवावी.

ग्रामसेवकांनी संयंत्राची शिफारस करण्यापूर्वी सलग आठ दिवस गोठ्यातील शेणाचे वजन करवून घ्यावे आणि रोज शेण कोण कालविणार, हे घरातील मंडळींना विचारावे. या दोन्ही गोष्टींची खात्री पटल्यावरच कुंडाची आखणी करावी.