ठोकळ्यांतून गुळगुळीत हाड

मुलांचे लाकडी ठोकळे रचून आंबा करायचा म्हटले, तर तो पायऱ्यापायऱ्यांचाच होणार. ठोकळे बारीक घेतले तर पायऱ्या बारीक होतील, पण जाणार नाहीत. सी. टी. स्कॅनची मोजणीही अशीच ठोकळ्याठोकळ्यांची असते. मग संगणकाने काढलेली कवटी गुळगुळीत कशी दिसते?

याचे उत्तर साध्या गणितात आहे. प्रत्येक ठिकाणी ‘हाड आहे’ किंवा ‘हाड नाही’ एवढेच लिहून ठेवलेले नसते. तेथे क्ष-किरण किती अडले, याचा आकडा असतो. या मोजपट्टीवर पाणी ०, हवा उणे १०००, आणि हाडाचे आकडे शेकड्यांत, कधी हजाराच्याही वर. समजा, हाडाची सीमा ३०० धरली आणि शेजारच्या दोन बिंदूंवर २०० व ६०० हे आकडे आहेत. तर सीमा पहिल्या बिंदूपासून पाव अंतरावर येते. हे शाळेतले त्रैराशिकच! मोजलेल्या उंचींवरून नकाशात समोच्चरेषा काढतात, तीच ही युक्ती.

अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे विल्यम लॉरेन्सन व हार्वे क्लाइन यांनी १९८७ साली ‘मार्चिंग क्यूब्ज’ ही रीत प्रसिद्ध केली. ठोकळ्याला कोपरे ८. प्रत्येक कोपरा सीमेच्या आत किंवा बाहेर. असे प्रकार होतात २५६. फिरवून वा उलटवून सारखे ठरणारे एकत्र केले, तेव्हा रिकामा ठोकळा धरून १५ नमुने उरले. त्या नमुन्यांप्रमाणे प्रत्येक ठोकळ्यात त्रिकोण बसवत गेले की पृष्ठभाग तयार होतो. आकडे कोणत्या दिशेने चढतात ते पाहून छायाप्रकाश दिला, की त्रिकोणांच्या कडाही फारशा जाणवत नाहीत.

मात्र गुळगुळीत दिसते ते सारे खरे, असे समजू नये. दोन बिंदूंमधली बारीक भेग मोजणीतच उतरली नाही, तर ती चित्रात कोठून येणार? सीमेचा आकडा चढवला तर पातळ हाडात नसलेले भोक दिसू लागते. उतरवला तर शेजारचा भागही हाडात मिसळतो. म्हणून जाणते डॉक्टर अशा चित्रावर विसंबून न राहता स्कॅनचे मूळ काप तपासतात. आपल्या मुलांनाही संगणकाचे देखणे चित्र पाहताना एवढे विचारायला शिकवावे: यातले मोजलेले किती, आणि मधले भरलेले किती?