हिवाळ्यातील दल सरोवर आणि ‘ट्राउट’ या नावाचा घोटाळा

परक्या मुलखात गेलेला मनुष्य तेथील अनोळखी प्राण्यांना आपल्या घरची नावे देतो, हा भाषाव्यवहारातील एक नित्याचा प्रकार होय. आपल्या किनाऱ्यावरील रावसाला इंग्रजांनी ‘इंडियन सामन’ म्हटले. रावसाचा त्या कुळाशी काही संबंध नाही. बोंबलाला तर त्यांनी बदकच करून टाकले. असली नावे बहुधा निरुपद्रवी असतात. काश्मीरमधील ‘स्नो-ट्राउट’ किंवा हिम-ट्राउट या नावाविषयी मात्र तसे म्हणता येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या एका नावाखाली दोन अगदी भिन्न मासे एकत्र आले आहेत, आणि त्यांतील भेद सर्वांत स्पष्ट दिसतो तो हिवाळ्यात. म्हणून प्रथम त्या हिवाळ्याकडे वळू.

श्रीनगरच्या दल सरोवराला मिळणारा प्रमुख प्रवाह म्हणजे दागवान. मारसर या उंचावरील सरोवरातून निघून, दाचीगामच्या अरण्यातून आणि हरवनवरून उतरत तो तेलबल नाला या नावाने दलमध्ये येतो. सरोवर आणि ट्राउटची नदी अशी ही जोडी एकमेकांस लागूनच आहे. येथील हिवाळ्याची गणना लोक महिन्यांनी करीत नाहीत. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लै कलान’, पुढे वीस दिवस ‘चिल्लै खुर्द’ आणि शेवटचे दहा दिवस ‘चिल्लै बच्चा’. मूळ फारसी ‘चिल्ला’ म्हणजे चाळीस दिवसांचा काळ. फारसी ‘चिहिल’ आणि आपले ‘चाळीस’ हे शब्द एकाच भारत-इराणी मुळाचे आहेत. आणि ‘खुर्द’ तर ज्या मराठी वाचकाच्या गावाशेजारी एखादे ‘खुर्द’ व एखादे ‘बुद्रुक’ आहे त्याला समजावून सांगण्याचे कारण नाही. या दिवसांत थंडी किती पडते याची कल्पना एका आकड्यावरून यावी : १४ जानेवारी २०२१ रोजी श्रीनगरचे किमान तपमान शून्याखाली ८.४ अंश सेल्सिअस होते. त्याहून कडक थंडी त्यापूर्वी १९९१ साली पडली होती.

अशा वेळी सरोवर गोठते ते पृष्ठभागावरून. पाण्याची घनता सुमारे ४ अंशांवर सर्वाधिक असते. शरदात वरचे पाणी थंड होऊन खाली जात राहते. पण सारे पाणी ४ अंशांवर आले की त्याहून थंड झालेले पाणी हलके ठरून वरच तरंगते आणि तेथेच त्याचे बर्फ होते. मासे या थराखाली, त्यातल्या त्यात उबदार पाण्यात, मंदपणे वावरतात. मासा हा शीतरक्ताचा प्राणी. पाण्याबरोबर त्याचेही शरीरव्यापार संथ होतात. दल उथळ आहे. उन्हाळ्यात त्याचे पाणी वनस्पतींनी आणि शेवाळाने गढूळलेले असते. हिवाळ्यात ती वाढ मंदावते आणि पाणी निवळते. संथ मासा आणि निवळ पाणी या दोन गोष्टींवर तेथील हांजी कोळ्यांची एक जुनी पद्धत उभी आहे. नावेच्या टोकाशी बसून कोळी डोक्यावरून घोंगडी किंवा गवताचा आडोसा घेतो, पाण्यावर सावली पाडतो, आणि चकाकी नाहीशी झालेल्या त्या तुकड्यात टक लावून भाल्याने मासा टिपतो. आडोशाखाली सोबतीला कांगडी असते. अनेक नावा एका ओळीत अशा निश्चल उभ्या असतात. या शिकारीला ‘छाय’ म्हणजे सावली या शब्दावरूनच नाव पडले आहे.

येथे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला थोडे थांबावेसे वाटेल. काश्मिरी ‘छाय’चा आरंभ आपल्या ‘चाक’ या शब्दातील दंत्य चकाराच्या महाप्राण रूपाने होतो. मूळ संस्कृत ‘छाया’. मराठीत मात्र प्राकृत छकाराचा सकार झाला, म्हणून आपली ‘सावली’. ‘मत्स्य’ शब्दाचे प्राकृतात ‘मच्छ’ झाले आणि त्याच नियमाने मराठीत ‘मासा’. हिंदीत छकार टिकून ‘मछली’. म्हणजे सावली आणि मासा हे या शिकारीतील दोन्ही शब्द मराठीत एकाच वाटेने आले. काश्मिरीने मात्र मत्स्याची वाटच सोडली. तेथे माशाला ‘गाड’ म्हणतात, आणि त्याचा संबंध संस्कृत कोशकारांनी नोंदविलेल्या ‘गड’ या मत्स्यविशेषाशी जोडतात. पौषाच्या वद्य पक्षात काश्मिरी पंडितांच्या घरी गृहदेवतेला मासे-भाताचा नैवेद्य दाखवितात, त्याचे नाव ‘गाडबत’. वाळविलेल्या माशाला ‘होगाड’ म्हणतात. त्यातील पूर्वपद ‘होख’ म्हणजे ‘शुष्क’, आपले ‘सुका’. आद्य शकाराचा हकार होण्याचे हे काश्मिरीतील नमुनेदार उदाहरण आहे.

आता नदीकडे येऊ. वाहत्या पाण्यात सरोवरासारखे थर राहत नाहीत. खळाळामुळे सारा प्रवाह तळापर्यंत शून्याच्या जवळ जाऊ शकतो. कधी पाण्यातच बारीक बर्फकण तयार होऊन ते तळच्या दगडांना चिकटतात. प्रवाह क्षीण असतो, कारण वरचे पाणी हिमरूपाने डोंगरावर अडकलेले असते. अशा ऋतूत तपकिरी ट्राउट आपला वंश वाढविते. हा मासा मूळचा काश्मीरचा नव्हे. १८९९ मध्ये इंग्लंडहून पाठविलेली अंडी वाटेतच नासली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली टिकली, आणि श्रीनगरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालविणाऱ्या फ्रँक मिचेल या गृहस्थाच्या खटपटीने त्यांतून पिल्ले झाली. पुढे हरवन हे त्यांच्या पैदाशीचे केंद्र बनले. शरदाच्या अखेरीस मादी गोट्यांच्या तळात शेपटीने खळगा करून अंडी घालते व ती खड्याखाली झाकते. पाणी ५ अंशांच्या आसपास असेल तर ती फुटण्यास अडीच-तीन महिने लागतात. दोन्ही-तिन्ही चिल्ले अंड्यांच्या डोक्यावरून जातात. तेवढा काळ खड्यांतून प्राणवायुयुक्त पाणी खेळत राहिले पाहिजे. गाळ बसला, पाणी आटले किंवा कोणी वरून चालत गेले, तर पिढी बुडाली. म्हणूनच ट्राउटचा गळ सर्वसाधारणपणे एप्रिल ते सप्टेंबर एवढाच काळ टाकू देतात आणि हिवाळ्यात नदी बंद ठेवतात. नियम उत्तम आहे. पण तो कोणत्या माशाचा?

हिम-ट्राउट हा ट्राउट नव्हेच. त्याचे शास्त्रीय नाव शिझोथोरॅक्स. कूळ रोहू, कटला आणि महसीर यांचे. ट्राउटच्या जबड्यात दात असतात आणि पाठीच्या परामागे एक छोटासा मांसल पर असतो. हिम-ट्राउटला दोन्ही नाहीत. त्याचे दात घशात आणि ओठांपाशी मिशा. तो थंड, वाहत्या पाण्यात राहतो, अंगावर बारीक खवले बाळगतो, एवढ्यावरून इंग्रजांच्या तोंडी ते नाव बसले. त्याच्या अनेक जाती वसंतात, पाणी तापू लागल्यावर, प्रवाहात चढून अंडी घालतात. म्हणजे पाहुण्याची वीण ज्या ऋतूत होते त्या ऋतूत नदी बंद, आणि घरच्याची वीण जेव्हा सुरू होते तेव्हाच पाहुण्याचा हंगाम उघडतो. ‘ट्राउटचे रक्षण होत आहे’ हे वाक्य ऐकणाऱ्यास दोन्ही माशांचे रक्षण झाल्यासारखे वाटावे, यात नवल नाही. दोष एकट्या शब्दाचा आहे असे म्हणणे अतिरेकाचे होईल. पण शब्दाने डोळ्यावर पडदा ओढला हे खरे.

काश्मिरी बोलीत हा घोटाळा मुळीच नाही. तेथे ‘हिम-ट्राउट’ असा एक मासा नसून ‘खोंट’, ‘चुश’, ‘सतर गाड’, ‘अल गाड’, ‘चुरू’ अशा वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या नावांनी ओळखल्या जातात. विसाव्या शतकाच्या मध्यास सरोवरांत विदेशी कार्प सोडण्यात आला. तो झपाट्याने वाढला आणि देशी जाती मागे पडल्या. त्या नवागतालाही बोलीने त्याची जागा दाखवून दिली. त्याचे नाव ‘पंजाब गाड’, म्हणजे बाहेरून आलेला मासा. ग्रियर्सन यांच्या काश्मिरी कोशाचा अखेरचा भाग १९३२ मध्ये निघाला असल्याने त्यात हा शब्द सापडण्याचा संभव नाही. ‘अल गाड’ हा शब्द आज नावेवरच्या वृद्धांकडून ऐकून घ्यावयाचा, तर तो मासा जाळ्यात येणे जसजसे विरळ होईल तसतशी ती संधीही विरळ होणार. हे काम करावयाचे असल्यास चिल्लै कलानचे दिवस सोयीचे आहेत. सावलीची शिकार चालू असताना नावा तासन्‌तास एका जागी उभ्या असतात.