उन्हाळ्यातील श्रम आणि आखाजीची गाणी

खानदेशातील वैशाखाची दुपार घरकामाचा क्रम ठरवीत असे. दळण, पाणी, सारवण पहाटेच उरके. दुपारी शेतकरी सावलीला बसे. स्त्रीच्या वाट्याला मात्र पापड, कुरडया, शेवया वाळविण्याचे, म्हणजेच वर्षाच्या बेगमीचे काम येई. अक्षय्य तृतीयेला, आखाजीस, सासुरवाशीण माहेरी येऊन झोक्यावर गाई, ती या श्रमचक्रातून सुटून. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहात आखाजी आहे, तसाच घरोटही, म्हणजे जातेही आहे. म्हणून आखाजीच्या गाण्यांना केवळ सणगीते मानणे अपुरे ठरते. झोक्याच्या आनंदाचे मोल जात्याच्या ओझ्यावरूनच कळते.