तांबडी दोन, काळी मूठभर

बांधकामाची चाळण कठड्याला तिरकी टेकवलेली आहे आणि मावशी तिच्यावर फावड्यानं तांबडी माती फेकते आहे. बारीक माती पलीकडे पडते, खडे अलीकडे घरंगळतात. जुन्या हुबळीतलं हे घर सिद्धारूढ मठाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत आहे. मागच्या परड्यात फरशी बसली, म्हणून बाग गच्चीवर आली. कुंड्या थोड्या, बाकी रंगाच्या रिकाम्या बादल्या आणि तेलाचे डबे, बुडाला तापल्या सळईनं भोकं पाडलेले. आषाढाची भुरभुर तासाभरापूर्वी थांबली आहे. ती परत यायच्या आत माती कालवून झाली पाहिजे.

"ही कलघटगीकडची," मावशी मूठभर माती माझ्या हातावर ठेवते. "आणि ती बघ, नवलगुंदची." कोपऱ्यातल्या पोत्यात काळी आहे. हुबळीच्या पश्चिमेला तांबडी आणि पूर्वेला कापसाची काळी, त्यामुळे इथं दोन्ही मिळतात. आणि नवीन माणूस दरवेळी काळीच उचलतो. शेतात तिच्यावर कापूस, जोंधळा, हरभरा पोसतो, मग कुंडीत का नको? मावशी उत्तरादाखल एक जुना डबा पुढे ओढते. मे महिन्यात त्यात नुसती काळी भरली होती. चिकण निम्म्याहून जास्त. पाणी प्यायली की फुगते, सुकली की आक्रसते. शेतात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यानंच. डब्यात भेग पडते ती कडेला. सगळा गोळा पत्र्यापासून सुटून मध्ये उभा आहे. वरून तांब्याभर पाणी घातलं की ते त्या फटीतून सरळ खाली जातं आणि भोकातून बाहेर. घालणाऱ्याला वाटतं, भरपूर झालं. गोळ्याच्या पोटातली मुळं कोरडीच.

जिन्यावरून गवळी येतो, खांद्यावर पोतं. त्याच्या धारवाडी म्हशी याच गल्लीच्या टोकाला बांधलेल्या असतात.

"अक्कार, हळे गोब्बरा," तो पोतं टेकवतो.

"खरंच जुनं, अण्णा?" मावशी कानडीत विचारते आणि उत्तराची वाट न बघता पोत्यात कोपरापर्यंत हात घालते. आतून ऊब लागली तर परत, हे त्यालाही ठाऊक आहे. कच्चं शेण कुंडीत कुजत बसतं, तापतं, कोवळी मुळं भाजतं. हात गार बाहेर येतो. मग वास. शेणाचा येत नाही, पहिल्या पावसातल्या मातीचा येतो. "साकु," ती म्हणते, आणि त्याच्या हातावर पैसे ठेवते.

मापाला पाच लिटरचा रंगाचा डबा. दोन डबे तांबडी, एक डबा खत, आणि चौथा डबा भुसभुशीत ठेवणाऱ्या मालाचा. हा चौथा डबा मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात गावातलं टाकून दिलेलं काय काय येतं. अर्धा डबा चुरमुऱ्याच्या भट्टीतलं भाताचं जळकं तूस. ते मावशी मूठ मूठ निवडते. काळं, आकार शाबूत असलेलं ठेवते. पांढरी राख झालेलं पाखडून काढते. राख क्षारी, इथलं बोअरचं पाणीही जड. दोन्ही मिळून झाडाला लोह मिळू देत नाहीत आणि नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उरलेला अर्धा डबा कोकोपीट. साडेसहाशे ग्रॅमची वीट रात्री टबात टाकली होती, सकाळी टबभर झाली आहे. नारळाच्या सोडणातलं मीठ जावं म्हणून तिला दोनदा धुतलंय.

कठड्यावर मातीच्या बैलांची जोडी आहे. मण्णेत्तिन अमावास्येला पुजलेली, आता सुकून तडकलेली. मावशी ती उचलते, कपाळाला लावते आणि बादलीतल्या पाण्यात सोडते. शिंगं आधी विरघळतात. ढवळून झालेलं ते काळं पाणी ढिगावर शिंपडलं जातं. मिश्रणात काळी येते ती एवढीच, मूठभर. एवढीच बरी, ती पाणी आणि खताचं सत्त्व धरून ठेवते, आणि आमच्या भागात नळ काही दिवसांआड येतो, तेव्हा धरून ठेवणारं काहीतरी हवंच.

आता कालवण. दोघी समोरासमोर बसतात, मावशी आणि सून, ढीग एकमेकींकडे ओढतात, लोटतात. मावशी मूठ दाबून उघडते. गोळा राहतो. अंगठा टेकवते, गोळा सुटतो.

कुंडी भरताना वाद होतो. मावशीला बुडाशी चार बोटं खडी हवी. पाणी निथळतं, तिच्या आईनंही हेच केलं. सून धारवाडच्या शेती कॉलेजात शिकलेली, १९४७ सालचं ते कॉलेज, १९८६ पासून कृषी विद्यापीठाचं. ती काही बोलत नाही. खाली जाऊन भांड्यांचा स्पंज घेऊन येते, पाण्यात बुडवते आणि आडवा धरते. टपटप होते, थांबते. मग तोच स्पंज उभा करते. पुन्हा धार लागते.

"आत्या, तळाशी थोडं पाणी अडतंच. उंच कुंडीत ते मुळांपासून लांब राहतं. खडी घातली की मातीची उंची कमी झाली, अडलेलं पाणी चार बोटं वर आलं."

मावशी स्पंज हातात घेते. आडवा धरते, उभा करते. "बरं," ती म्हणते, आणि खडीचं घमेलं पायानं बाजूला सारते. भोकावर मंगळुरी कौलाची एक खापरी, उपडी, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती. तिची आई चुकली असं ती म्हणत नाही आणि सूनही म्हणायला लावत नाही.

मग मिरचीची रोपं. ब्याडगी, वाटणाच्या लाल मिरच्यांतल्या बियांपासून रुजवलेली. मुळाशी पाणी तुंबलं की पहिली मान टाकते ती मिरची, म्हणून परीक्षा तिच्यावरच. माती काठापासून दोन बोटं खाली, पाण्याला जागा. वरून तांब्या ओतला जातो. पाणी वर साचत नाही, कडेनं पळत नाही. खालून थेंब येतात ते जरा वेळानं, चहाच्या रंगाचे.

शेजारची मुलगी धावत वर येते. उद्या मंगळवार आहे, मातीची गुळ्ळव्वा घडवून पुजायचा.

"अज्जी, गुळ्ळव्वग मण्ण कोडरी!"

ती ढिगातली ओंजळभर घेऊन तिथंच थापायला बसते. बसकट होते, खांद्यापर्यंत जमतं, मग सगळं फुटून मांडीवर पडतं.

"ती नको गं, उभी नाही राहायची," मावशी हात न थांबवता सांगते. "पोत्यातली काळी घे. दोन मुठी, जास्त नाही. आणि फडक्यात बांधून ने, जिन्यावर सांडलीस तर झाडू तुझ्याच हातात देईन."