संगणक रडीचा डाव खेळतो का?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची नववीतली भाची आमच्याकडे राहायला आली होती. दुपारच्या वेळी ती संगणकावर 'सिव्हिलायझेशन' हा खेळ मांडून बसे. चौथ्या दिवशी ती चिडून उठली. "मामा, हा रडीचा डाव खेळतो! माझं एक गाव वसतंय तोवर याची तीन झालेली असतात. मला नाही जमणार असले डोक्याचे खेळ."

या तक्रारीत दोन विधाने आहेत. संगणक रडी खेळतो, हे पहिले. आणि मला हे जमणार नाही, हे दुसरे. आम्ही दोघांनी मिळून ती तपासायचे ठरवले. पहिले विधान बऱ्याच अंशी खरे निघाले, आणि म्हणूनच दुसऱ्याला आधार उरला नाही.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. 'सिव्हिलायझेशन' 1991 साली अमेरिकेत सिड मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. 2016 साली त्याची सहावी आवृत्ती आली. भाची खेळत होती ती हीच. हा खेळ बुद्धिबळासारखा पाळीपाळीने खेळतात. प्रत्येक खेळाडू एका संस्कृतीचा नेता असतो. त्याने गावे वसवायची, शेती वाढवायची, विद्या मिळवायच्या, सैन्य राखायचे आणि शेजाऱ्यांशी तह करायचे किंवा लढायचे. शेजारी बहुधा संगणकच चालवतो. खेळ सुरू होण्यापूर्वी आपल्याला तीन गोष्टी ठरवता येतात: प्रतिस्पर्धी किती, कोणते आणि किती कठीण.

'कठीण' म्हणजे काय?

आधी बुद्धिबळाचे उदाहरण घेऊ. क्लॉड शॅनन या शास्त्रज्ञाने 1950 साली संगणकाने बुद्धिबळ कसे खेळावे यावर एक प्रसिद्ध लेख लिहिला. डावाच्या मध्यावर एका बाजूला साधारण 30 खेळ्या शक्य असतात. प्रतिपक्षाच्या उत्तरासह हिशोब केला तर सुमारे हजार शक्यता होतात. आणखी एकेक खेळी पुढे गेलो की दहा लाख. संगणक या शक्यता झपाट्याने तपासतो आणि अनावश्यक फाटे छाटतो. 1997 साली 'डीप ब्लू' या संगणकाने त्या वेळचा जगज्जेता कास्पारोव्ह याला सामन्यात हरवले. म्हणजे बुद्धिबळात संगणक मुळातच बलवान असतो. त्याला सोपा करायचा तर कमी पुढचे पाहायला लावावे लागते किंवा मधूनमधून मुद्दाम कमी प्रतीची खेळी करायला लावावी लागते.

'सिव्हिलायझेशन'मध्ये परिस्थिती उलटी आहे. सहाव्या आवृत्तीतला नकाशा षट्कोनी घरांचा आहे. समजा, आपल्याकडे दहा पथके आहेत. प्रत्येक पथक शेजारच्या सहापैकी एका घरात जाऊ शकते किंवा जागीच थांबू शकते. प्रत्येकाला सात पर्याय झाले. दहा पथकांचे मिळून ढोबळ मानाने 7 चा दहावा घात, म्हणजे 28 कोटींहून अधिक पर्याय होतात. हे एकाच खेळाडूच्या एकाच पाळीचे. गावात काय बांधावे, कोणती विद्या आधी घ्यावी हे प्रश्न अजून वेगळेच, आणि नकाशाचा बराच भाग सुरुवातीला झाकलेला. इतक्या शक्यता तपासणे संगणकालाही परवडत नाही. मग तो ठरावीक आडाख्यांवर चालतो: गाव दुबळे दिसले तर हल्ला करावा, तिजोरी रिकामी असेल तर बाजार बांधावा, वगैरे. अनुभवी माणूस हे आडाखे ओळखतो आणि जिंकू लागतो.

मग कठीण प्रतिस्पर्धी कसा तयार करतात? त्याला अधिक बुद्धी देण्याऐवजी मुख्यतः अधिक सवलती देतात. या आवृत्तीत आठ पातळ्या आहेत. चौथी, 'प्रिन्स', ही साधारण बरोबरीची. त्याखाली माणसाला सवलती मिळतात. पाचवीपासून वर उत्पादन, विद्या आणि लढाई यांत संगणकाला वाढीव अंक मिळत जातात. आठव्या, 'डीटी' या पातळीवर संगणक तीन वसाहतकरी घेऊन सुरुवात करतो, माणूस मात्र एकच. वसाहतकऱ्याशिवाय नवे गाव वसत नाही. भाचीच्या एका गावाला त्याची तीन गावे होती, ती अशी! वर्गात पहिली येते म्हणून तिने थेट आठवी पातळी निवडली होती.

आट्यापाट्या किंवा लपंडाव खेळताना धाकट्या भावंडाला आपण 'लिंबूटिंबू' म्हणून घेतो. तो बाद झाला तरी चालतो. सर्वांत वरच्या पातळीवर लिंबूटिंबू संगणकच असतो, हे ऐकल्यावर भाचीला हसू आवरेना.

स्वभावही पाहावा

प्रतिस्पर्ध्यांना स्वभावही दिलेले असतात. या आवृत्तीतल्या रूझवेल्टला त्याच्या खंडावर युद्ध सुरू करणारा शेजारी खपत नाही. क्लिओपात्राला बलाढ्य सैन्याचा शेजारी आवडतो, दुबळ्याला ती तुच्छ लेखते. सैन्य न राखता विद्येवर भर द्यायचा असेल, तर या दोघांपैकी कोण शेजारी आहे याने डाव बदलतो.

स्वभावावरून एक दंतकथाही पसरली. पहिल्या आवृत्तीत भारताचे नेते गांधीजी अचानक अण्वस्त्रे वापरू लागत, अशी ती कथा. कारणही शास्त्रीय वाटेल असे सांगत: त्यांचा आक्रमकपणा 1 होता, लोकशाही स्वीकारल्यावर त्यातून 2 वजा झाले, आणि 0 ते 255 एवढेच अंक मावणाऱ्या जागेत उणे एकचे 255 झाले. अंकगणित बिनचूक आहे, पण खेळात तसे घडतच नव्हते. सिड मायर यांनी 2020 साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात हे स्पष्ट केले. पुढे 2010 च्या पाचव्या आवृत्तीत मात्र रचनाकारांनी गंमत म्हणून गांधींना अण्वस्त्रांची मुद्दाम आवड दिली. कारण पटण्याजोगे आहे म्हणून घटना खरी ठरत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगायला हे उदाहरण चांगले आहे.

मग निवड कशी करावी?

शॅनन यांनीच 1948 साली माहिती मोजण्याची पद्धत मांडली होती. ज्याचा निकाल आधीच ठाऊक आहे, त्या घटनेतून माहिती मिळत नाही. दोन्ही निकाल सारखेच शक्य असतील, तेव्हा ती सर्वाधिक मिळते. नाणेफेकीचा निकाल 1 बिट माहिती देतो. दहातले नऊ डाव हरणार असू, तर एका डावाच्या निकालातून सरासरी अर्ध्या बिटाहूनही कमी मिळते. म्हणून ज्याच्याशी आपण निम्म्याच्या आसपास डाव जिंकतो, असा प्रतिस्पर्धी शोधावा.

प्रयोगशाळेतला नियमही इथे लागू पडतो: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. भाचीने चौथी पातळी आणि दोनच प्रतिस्पर्धी घेतले. प्रत्येक डावानंतर ती वहीत टिपण करू लागली: पन्नासाव्या पाळीला गावे किती, सैन्य किती, पहिली चूक कोणती. पहिले दोन डाव ती हरली. वहीवरून दिसले की दोन्ही वेळा दुसरे गाव फार उशिरा वसले होते. तिसरा डाव तिने जिंकला. जाताना ती पाचव्या पातळीवर होती आणि तिथे पुन्हा हरत होती, पण चिडत नव्हती.

शाळेत संगणक नसला तरी हा प्रयोग नवकंकरीवर करता येईल. एका जोडीत एकाला नऊ सोंगट्या द्याव्यात, दुसऱ्याला सात. दुसऱ्या जोडीत सोंगट्या समान ठेवाव्यात, पण एक खेळाडू सरावलेला असावा. पाच-पाच डावांनंतर हरलेल्यांना विचारावे, 'तुम्ही कशामुळे हरलात?' हरलेल्या दोघांची उत्तरे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावीत. नंतर आपली एखादी 'कठीण' प्रश्नपत्रिका काढून पाहावी. ती खोल विचार मागते म्हणून कठीण आहे की वेळ अपुरा आहे म्हणून? ज्याला सातच सोंगट्या मिळाल्या, त्याला आपण मठ्ठ म्हणत नाही ना, एवढे तपासले तरी पुरे.