जांभ्याचे पठार, काळी माती आणि बदलते आकाश

गाणगापूरला दत्तदर्शनासाठी जाणारे गोमंतकीय भाविक चैत्र-वैशाखात भीमा-अमरजा संगमावर उतरले, की आपण वाळवंटाच्या काठाशी आलो आहोत, असा भास त्यांना होतो. दूरवर सावली दिसत नाही, वारा भाजून काढतो आणि पारा चाळीशी सहज ओलांडतो. भूगोलाच्या व्याख्येत मात्र कलबुर्गी आणि बिदर हे जिल्हे वाळवंट नव्हेत. तो दख्खनचा अर्धशुष्क प्रदेश आहे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, येथे त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच रिते होतात. म्हणजे गोव्यावर जे कोसळते, तेच पुढे या पठाराला उणे पडते. म्हणूनच येथील शेतकरी बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या पट्ट्यांकडे डोळे लावून असतो. कलबुर्गीकडे तर बऱ्याच वर्षी सप्टेंबर हाच सर्वांत ओला महिना ठरतो.

या ऋतुचक्राची पहिली खूण जमिनीवर उमटते. कलबुर्गीची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात-हात खोल भेगा पडतात. भुसभुशीत वरचा थर त्या भेगांत ओघळतो, पुढच्या पावसात भेगा मिटतात आणि माती आपोआप खालीवर होते. ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते, असे म्हणतात ते उगीच नव्हे. मेमधील वळीव विजांच्या कडकडाटात येतो, कधी गाराही आणतो. मात्र त्याच्या भरवशावर कोणी पेरत नाही. पेरणीला मृगाचीच वाट पाहावी लागते.

बिदरचे पठार याहून निराळे. तेथे काळी माती संपते आणि गोमंतकीयांना घरच्यासारखा ओळखीचा तांबडा जांभा सुरू होतो. ज्या चिऱ्यांनी गोव्यातील घरे उभी राहिली, त्याच जातीच्या दगडात बहामनी सुलतानांनी पंधराव्या शतकात बिदरचा किल्ला बांधला. जांभा तयार होण्यासाठी उष्णता आणि विपुल पाऊस, दोन्हींची गरज असते. म्हणजेच आजच्या या कोरड्या माथ्यावर लक्षावधी वर्षांपूर्वी भरपूर पाऊस पडत असला पाहिजे. सच्छिद्र जांभ्यातून झिरपलेले पाणी खालच्या घट्ट बेसॉल्टवर अडते आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. झरणी नरसिंहाच्या गुहेत भाविक पाण्यातून चालत देवापर्यंत पोहोचतात, ते असेच पाणी. गुरू नानकांच्या नावाने ओळखला जाणारा झिराही त्यातलाच. बहामनी काळात इराणी पद्धतीने खोदलेल्या, जमिनीखालून पाणी वाहून नेणाऱ्या नौबादच्या ‘कारेझ’मागेही हेच भूशास्त्र आहे. भर उन्हात जमिनीवर गवताची काडी हिरवी नसताना खाली गार पाणी वाहते, हे या प्रदेशाचे खरे नवल.

पाण्याचे हे गणित बिघडले की त्याची झळ सीमा पाहत नाही. मांजरा नदी महाराष्ट्रातून बिदरमध्ये उतरते. एप्रिल २०१६ मध्ये याच खोऱ्यातील लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. उलट ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेच्या महापुराने कलबुर्गीतील काठची गावे वेढली आणि हाताशी आलेली पिके पाण्याखाली गेली.

पावसाळा सरता सरता पठाराचे रूप पालटते. कलबुर्गीच्या ज्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती तूर पिवळ्या फुलांनी बहरते. शेजारी रब्बी ज्वारी हस्ताच्या ओलीवर उगवून येते. पुढे तिला पाऊस नाही मिळाला तरी काळी माती साठवलेला ओलावा तिला पुरवत राहते. मार्गशीर्ष अमावास्येला भालकी, बसवकल्याण, औराद या भागांतील मराठी आणि कन्नड कुटुंबे शेतात जमतात. लातूर-धाराशिवकडची ‘येळवस’ ती हीच. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा होते, मग आंबिल, भज्जी आणि उंडे यांची पंगत बसते.

पाहुण्याला त्या दिवसांतले धुके आणि ढगांची दुलई मोहक वाटते. शेतकरी मात्र ढगाळ आकाश पाहून धास्तावतो, कारण अशा हवेत तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी फोफावते. त्याला हवी असते कोरडी, बोचरी थंडी आणि निरभ्र आभाळ.